किल्ला कोणाचा?

दिवाळीला दहा दिवस उरले होते. पुण्यातल्या एका गृहसंकुलात दरवर्षीप्रमाणे मुलांसाठी किल्ल्यांची स्पर्धा जाहीर झाली. दुसरीत शिकणाऱ्या एका मुलाने शाळेतून येताच दप्तर कोपऱ्यात भिरकावले आणि तो बाबांची वाट बघत दारातच बसला. बाबांनी घरात पाऊल टाकले न टाकले तोच त्याने विचारले, ''बाबा, आपण किल्ला कधी करायचा?''

बाबा मोठे हौशी. रविवारी सकाळीच त्यांनी विटा आणल्या, दोन पोती लाल माती आणली, प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणले. रायगडाचे चित्र समोर ठेवून कागदावर आराखडा काढला. मुलगा तोवर चिखल कालवून तयार होता. त्याने एक बुरूज उभा केलासुद्धा. बाबांनी तो पाहिला आणि ते हसून म्हणाले, ''अरे, असा वाकडा बुरूज असतो का कुठे? थांब, मी करून दाखवतो.'' थोड्या वेळाने ते म्हणाले, ''तू नुसते पाणी आणून दे.'' आणखी थोड्या वेळाने, प्लॅस्टर लावायला घेतल्यावर ते म्हणाले, ''आता लांब उभा राहून बघ हं, हात लावू नकोस. बिघडेल.'' मुलगा जरा वेळ उभा राहिला. मग सायकल घेऊन खाली खेळायला गेला.

किल्ल्याला पहिले बक्षीस मिळाले. मुलाच्या नावाचे प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत भिंतीवर लागले. आजीने शेजारीपाजारी पेढे वाटले. सगळे कसे छान झाले.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवाळी आली, पुन्हा स्पर्धा जाहीर झाली. मुलाने या वेळी जेवताना सहज विचारले, ''बाबा, यंदा तुम्ही किल्ला कधी करणार?''

बाबा म्हणाले, ''बघू, या रविवारी करू.'' पण आजीचा घास हातातच राहिला. मुलगा झोपायला गेल्यावर ती आपल्या लेकाला म्हणाली, ''ऐकलंस का रे? गेल्या वर्षी तो 'आपण' म्हणाला होता. यंदा 'तुम्ही' म्हणतोय.''

एका शब्दाचा हा फरक वाटतो तितका लहान नाही. किल्ला बाबांचा झाला होता, मुलाच्या वाट्याला फक्त प्रमाणपत्र आले होते. हे ज्या घरात घडले, तिथले आईवडील काही निष्काळजी नव्हते. उलट मुलाचे कौतुक करणारे, त्याच्यासाठी वेळ आणि पैसा खर्च करणारे होते. मुलांमधली निर्मितीची हौस विझते ती पुष्कळदा अशाच घरांत, दुर्लक्षाने नव्हे तर अतिकाळजीने.

देणगी सर्वांनाच मिळालेली असते

एखादे मूल सुरेख गाऊ लागले किंवा हुबेहूब चित्र काढू लागले की लोक म्हणतात, ''देवाची देणगी आहे हो!'' ते खरेच आहे. पण या बोलण्यात एक चूक नकळत शिरते. ज्या मुलाला गाता येत नाही, ज्याचे चित्र ओळखू येत नाही, त्याला देवाने काही दिलेच नाही असा त्याचा अर्थ होऊन बसतो. मग आईवडीलच चारचौघांत सांगू लागतात, ''मोठीच्या हातात कला आहे, धाकट्याला मात्र त्यातलं काही नाही.'' धाकटा ते ऐकत असतो.

प्रत्यक्षात सर्जनशीलता, म्हणजे हाती असलेल्या वस्तूंतून आणि मनातल्या कल्पनांतून काहीतरी नवे घडवण्याची शक्ती, प्रत्येक मूल घेऊनच जन्माला येते. दोन-तीन वर्षांचे मूल स्वयंपाकघरातल्या वाट्या ओळीने मांडते आणि त्यांची आगगाडी करते. चमचा कानाला लावून मामाशी बोलते. शब्द ठाऊक नसला तर स्वतःच एखादा बनवते. कोणी शिकवलेले नसते आणि कोणी शाबासकीही देत नाही. तरी ते करत राहते, कारण त्याला त्यात आनंद असतो.

आपल्याकडे गणपतीला चौसष्ट कलांचा अधिपती मानतात. या चौसष्ट कलांची जुन्या ग्रंथांतली यादी पाहिली तर नवल वाटते. तिच्यात गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला तर आहेतच. पण फुलांचे हार गुंफणे, तांदूळ आणि फुलांनी जमिनीवर आकृती काढणे, कोडी घालणे, स्वयंपाक करणे, इतकेच काय, नीट अंथरूण घालणे यालाही तिथे कला म्हटले आहे. आपल्या पूर्वजांनी कलेला घराबाहेर रंगमंचावर नेऊन बसवले नव्हते. ती माजघरात आणि अंगणातही होती.

आजही ती तिथेच आहे. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून गोधडी शिवणारी आजी, उरलेल्या भातातून नवाच पदार्थ करून सर्वांना खूश करणारी आई, मोडक्या छत्रीच्या काड्यांनी वेलीला आधार देणारे आजोबा, हे सगळे निर्मितीच करत असतात. 'कोंड्याचा मांडा करणे' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार याच गुणाचा गौरव करतो. मुलाला चित्रकार किंवा गायक करायचे की नाही हा नंतरचा प्रश्न झाला. पण अडचणीतून वाट काढणारा, हातात आहे त्यातून काहीतरी उभे करणारा माणूस तर प्रत्येकालाच व्हावे लागते. नोकरीत, संसारात, आजारपणात, जिथे ठरलेले उत्तर चालत नाही तिथे हीच शक्ती कामाला येते.

एक शब्द तारतो, एक शब्द मारतो

प्रसिद्ध व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचे बालपण म्हैसूरला गेले. घरातल्या जमिनीवर, भिंतींवर, दारांवर ते चित्रे काढत. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. तरी मुलाचा हात त्या घरात कोणी बांधून ठेवला नाही. शाळेत एकदा शिक्षकांनी मुलांना पान काढायला सांगितले. लक्ष्मण यांनी पिंपळाचे पान काढले. शिक्षकांनी त्या पानाचे मनापासून कौतुक केले आणि तेव्हापासून आपण चित्रकार आहोत असे त्या मुलाच्या मनाने घेतले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला. पण तोवर तो विश्वास इतका पक्का झाला होता की नकारानेही तो ढळला नाही. सन 1951 पासून त्यांच्या 'कॉमन मॅन'ने कित्येक दशके देशाला रोज सकाळी हसवले आणि विचार करायला लावले.

एका पानाच्या कौतुकाने जे घडते, त्याच्या उलट एका टोमण्याने बिघडते. ''झाड असं जांभळं असतं का?'' ''हे काय, हत्ती की म्हैस?'' ''बघ, शेजारच्या ताईने किती सुबक काढलंय!'' मोठ्यांच्या दृष्टीने ही साधी वाक्ये आहेत. त्यांत रागही नसतो. पण मूल त्यातून एकच गोष्ट शिकते, की बरोबर काय ते मोठ्यांना ठाऊक असते आणि आपल्याला ते येत नाही. ''मला येत नाही'' हे वाक्य एकदा मनात बसले की ते चित्रापुरते राहत नाही. गणिताच्या वहीपर्यंत जाते, भाषणाच्या व्यासपीठापर्यंत जाते आणि कधी कधी आयुष्यभर पुरते. कितीतरी मोठी माणसे रंगांचा ब्रश हातात घ्यायलाही लाजतात. त्यांना विचारले तर बहुधा शाळेतला किंवा घरातला असाच एखादा प्रसंग त्यांना आठवतो.

दुसरा प्रकार त्याहून गोड, म्हणून जास्त धोक्याचा. तो म्हणजे मुलाचे काम स्वतः करून देणे. शाळेत 'प्रोजेक्ट' सांगितले की रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापत असते, बाबा दुकानातून तयार चित्रांचा तक्ता आणतात आणि ज्याचा प्रकल्प तो झोपलेला असतो. सकाळी एक देखणी वस्तू शाळेत जाते. शिक्षकांना ती कोणी केली हे कळते, मुलालाही कळते. सर्वांना ठाऊक असलेले एक लहानसे खोटे मुलाच्या नावावर जमा होते. त्यापेक्षा मुलाने स्वतः चिकटवलेला, कडेला डिंकाचे डाग पडलेला तक्ता शंभर पटींनी मोलाचा.

बक्षिसाचे उलटे फळ

बक्षिसांबाबतही पालकांनी थोडे सावध राहायला हवे. सन 1973 मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी, एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या ज्या मुलांना स्केचपेनने चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितले नाही, पण चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिले. बाकीच्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले. या वेळी बक्षीस कोणालाच नव्हते. तेव्हा असे दिसले, की प्रमाणपत्राच्या आशेने ज्यांनी चित्रे काढली होती, ती मुले इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ स्केचपेनकडे फिरकली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

याचा अर्थ मुलांना कधी बक्षीसच देऊ नये असा नाही. पण जे मूल आनंदासाठी करत होते, त्याला ''केलंस तर काय मिळेल'' हे आपणच शिकवले, तर मिळणे बंद होताच करणेही बंद होते. दर शनिवारी एक स्पर्धा, दर परीक्षेला एक पदक, अशी सवय लागलेल्या मुलांच्या बाबतीत पालकांनी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा: कोणीच बघत नसताना आपले मूल काय करते?

कवड्या, शिंपले आणि काड्या

कित्येक पालक म्हणतात, ''हे सगळे पटते हो, पण चांगली खेळणी, चांगले रंग, छंदवर्ग परवडायला नकोत का?'' या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत फार पूर्वी मिळून गेले आहे.

ताराबाई मोडक यांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. मुलांना मारून-झोडून नव्हे तर गोष्टी, गाणी, खेळ यांतून शिकवायचे, असा गिजुभाईंचा आग्रह होता. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण भागासाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मॉन्टेसरी पद्धतीची परदेशी धर्तीची साधने महाग होती आणि खेड्यात ती मिळणेही शक्य नव्हते. तेव्हा या दोघींनी काय केले? त्यांनी आसपास पाहिले. बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या, माती, जे हाताशी होते त्यातूनच साधने तयार केली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले, आकार ओळखायला पाने. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात जाऊन त्यांनी 'कुरणशाळा' चालवली. आदिवासी पाड्यांतली, घरात पाटीसुद्धा नसलेली ही मुले. पण त्यांच्याजवळही देवाने दिलेले दोन हात आणि जागे मन होते. तेवढ्यावर या बायांनी विश्वास ठेवला.

अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी हाच धडा नव्या रीतीने दिला. कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता झालेल्या या गृहस्थांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा असे कितीतरी आकार मुलांना करून दाखवले. जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या, शीतपेयांच्या नळ्यांच्या पिपाण्या, रिकाम्या बाटल्यांचे पंप, कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूंतून त्यांनी विज्ञानाची खेळणी घडवली. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते एक गोष्ट आवर्जून दाखवून देतात. मुलाला खेळणे मोडून बघू द्यावे. महागडे खेळणे कपाटात राहते, आगकाडीचे खेळणे हातात राहते.

घरी काय करता येईल?

यासाठी मोठे घर लागत नाही, पैसा तर नाहीच. काही साध्या गोष्टी पुरतात.

पहिली, एक 'खजिन्याची पेटी'. जुना बुटांचा खोका घ्यावा. त्यात रिकाम्या काड्यापेट्या, दोऱ्यांची रिळे, बटणे, कापडाच्या चिंध्या, लोकरीचे तुकडे, लग्नपत्रिका, करवंट्या, बाटल्यांची झाकणे टाकत जावे. बटणे आणि मणी मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, ती तोंडात घालतात. खजिन्यातल्या वस्तूचे काय करायचे ते सांगू नये. मूलच ठरवील.

दुसरी, स्वयंपाकघरातली माती. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी एकत्र मळले की खेळायला उत्तम गोळा तयार होतो. त्याची फळे, भांडी, प्राणी करून उन्हात वाळवले की टिकतात. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ घरीच शिजवता येते. हळद, बीट, पालक यांचे पाणी रंगाचे काम देते. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा आणि त्यावर साबणाच्या पाण्याने बोटाने रेघा ओढायला सांगाव्या. पिवळ्यावर लालसर रेघा उमटतात. लिंबाचा रस लावला की त्या पुन्हा पिवळ्या होतात. ''असं का झालं?'' हा प्रश्न मूल विचारील. उत्तराची घाई नको. ''आणखी कशाने होईल, बघूया का?'' एवढे म्हटले तरी पुरे.

तिसरी, शब्दांचे खेळ. भोंडल्याला खिरापत ओळखताना मुली काय काय तर्क लढवतात! तिखट की गोड, ओले की सुके, डब्यात वाजते की नाही. हा खेळ वर्षभर चालू शकतो. रात्री गोष्ट सांगताना ती मध्येच थांबवून ''मग पुढे काय झालं असेल?'' असे विचारावे. मुलाने राजाला बसमध्ये बसवले तरी बसू द्यावे.

चौथी, रिकामा वेळ. हीच आजची सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. शाळा, शिकवणी, पोहणे, गिटार, संस्कारवर्ग आणि उरलेल्या वेळात मोबाइल. मग मूल ''कंटाळा आला'' म्हणते आणि आई लगेच फोन हातात देते. त्या कंटाळ्याला घाबरू नये. दहा-पंधरा मिनिटे कंटाळलेले मूल इकडे तिकडे बघू लागते, खोका ओढते, चादरीचा तंबू करते. निर्मिती बहुधा कंटाळ्याच्या दारातूनच आत येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा बैठा वेळ दिवसाला एका तासाच्या वर जाऊ नये, आणि त्याहून कमी असेल तितका बरा.

पाचवी, मुलगा-मुलगी हा भेद नको. मुलाला पोळी लाटू द्यावी, तिचा नकाशा झाला तर त्यातले राज्य ओळखावे. मुलीला स्क्रू आवळू द्यावा, बिघडलेले घड्याळ उघडून पाहू द्यावे. देणाऱ्याने देताना असा भेद केलेला नाही.

पसारा होईल त्याचे काय?

होईल. पण त्याला शिस्त लावता येते. जमिनीवर जुनी चादर अंथरावी. भिंतीवर हवे तिथे नाही, पण दाराच्या मागे मोठा कागद लावून ''ही तुझी भिंत'' असे सांगावे. कात्री, सुरी, चूल यांजवळ मोठे माणूस असावे. आणि खेळ संपल्यावर आवरण्याचे काम मुलाचेच. मोकळीक म्हणजे बेशिस्त नव्हे. ज्याने मांडले त्याने आवरावे हा नियम चार दिवस कठीण जातो, मग अंगवळणी पडतो.

बोलण्याचीही एक रीत आहे. चित्र हातात आले की ''हे काय काढलंस?'' असे विचारू नये. त्यात ओळखू न आल्याचा सूर असतो. ''मला याची गोष्ट सांग ना,'' असे म्हणावे. ''वा, छान, सुंदर!'' असे न पाहताच म्हणण्यापेक्षा, ''या कोपऱ्यात तू दोन निळे वापरलेस, नाही?'' असे एखादे खरेखुरे निरीक्षण सांगावे. आपल्याकडे कोणी नीट पाहिले, हीच मुलाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी असते. आणि मुलाने मदत मागितली तर तेवढीच द्यावी. गाठ मारून मागितली तर गाठ मारून द्यावी, पतंग करून देऊ नये.

अभ्यासाचे काय, अशी धास्ती पुष्कळांना वाटते. पण लहान वयात खेळ हाच अभ्यास असतो, हे आता सरकारी धोरणानेही मानले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 2023 मध्ये 'जादुई पिटारा' नावाचा शिक्षणसंच आला. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टीच आहेत.

आणि त्या किल्ल्याचे काय झाले?

आजीचे बोलणे बाबांच्या मनाला लागले. रविवारी त्यांनी माती आणली, गोणपाट आणला, विटा आणल्या आणि मुलाला सांगितले, ''यंदा किल्ला तू करायचा. मी तुझा मजूर.''

त्यांना वाटले मुलगा उडी मारील. पण तो म्हणाला, ''मला नाही येत. माझा वाकडा होतो.''

बाबांना काय बोलावे ते सुचेना. ''नाही रे, येईल तुला,'' असे त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिले. मुलगा मान हलवून घरात गेला. माती दोन दिवस तशीच पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी पाट घेऊन खाली आली आणि त्या ढिगाऱ्याशेजारी बसली. कोणाला काही न सांगता तिने मातीची एवढीशी चूल करायला घेतली. लहानपणी ती करायची तशीच. चूल थोडी एका अंगाला कलली. आजीने ती तशीच राहू दिली. नातू जवळ येऊन उभा राहिला.

''आजी, हे काय?''

''चूल. गडावर लोक राहायचे, त्यांना भूक लागत असेल ना?''

मुलगा विचारात पडला. ''मग ते स्वयंपाक कुठे करायचे?''

''मला काय ठाऊक? तूच ठरव.''

तो खाली बसला. आधी चुलीभोवती भिंत आली. मग स्वयंपाकाला पाणी हवे म्हणून टाके आले. त्यासाठी करवंटी पुरली गेली. धान्य ठेवायला कोठार, कोठाराला पहारेकरी, पहारेकऱ्याला उभे राहायला बुरूज. बाबा खरोखरच मजूर झाले. ''बाबा, तीन विटा,'' असे फर्मान निघाले की ते तीन विटा आणून देत. एकदा त्यांचा हात बुरूज सरळ करायला पुढे झाला होता, पण आजीने नुसते पाहिले आणि त्यांनी तो मागे घेतला.

किल्ला तयार झाला. मावळे दरवाज्यापेक्षा उंच होते. टाके गळत होते. मोहरी एकाच बाजूला दाट उगवली होती. परीक्षक आले तेव्हा मुलाने त्यांना जवळजवळ पाव तास थांबवून घेतले आणि भटारखाना कुठे, धान्य कुठून येते, वेढा पडला तर पाणी किती दिवस पुरेल, हे सगळे समजावून सांगितले. परीक्षकांनी हसून ऐकले. बक्षीस दुसऱ्याच किल्ल्याला मिळाले.

भाऊबीज झाली. बाकीचे किल्ले मोडले गेले, विटा परत गेल्या. हा एक मात्र कोपऱ्यात तसाच उभा होता, कारण त्याच्या मालकाने मोडायची परवानगी दिली नव्हती. रोज शाळेत जाण्याआधी तो खाली जाऊन मोहरीला पाणी घालत असे. एका सकाळी बाबा त्याला बसपर्यंत सोडायला निघाले. मुलगा किल्ल्यापाशी थबकला, वाकून टाक्यात बघितले आणि म्हणाला,

''बाबा, पुढच्या वर्षी आपण टाक्याला आतून मेण लावून बघू. मग नाही गळणार.''